उघडं शिसं : एका गोळीची कुळकथा

घोरावाडी स्टेशनापासून पायी जाता येईल अशा एका घरात काकांनी माझ्या तळहातावर दोन काडतुसं ठेवली. काका शेतकरी आहेत. बंदुकीचा परवाना त्यांच्या घरात वडिलांपासून चालत आलेला. पहिलं काडतूस जाडजूड, नळकांड्यासारखं, बुडाला पितळेची वाटी; ते बारा बोरचं. दुसरं अंगानं सडपातळ आणि अख्खं पितळी. बुडाशी कडा, वर खांद्यापाशी निमुळती होत गेलेली मान, आणि मानेच्या तोंडात घट्ट बसवलेली बोथट गोळी. ते तीनशे पंधराचं. उलटं करून पाहिलं तर बुडावर दोन रोमन अक्षरं ठोकलेली दिसली, ‘के’ आणि ‘एफ’. किर्की फॅक्टरी. किर्की म्हणजे आपली खडकी. घोरावाडीहून पुण्याकडे जाणारी लोकल ज्या खडकीला थांबते, तीच.

“टोक बघा,” काका म्हणाले.

गोळीचं सगळं अंग कठीण धातूच्या कवचात होतं, पण ते कवच टोकापाशी येऊन थांबलेलं. तिथून पुढे करडं, निस्तेज शिसं उघडं होतं. नखानं दाबलं तर ओरखडा उठेल इतकं मऊ.

“हे जनावरासाठी,” ते म्हणाले. “हरणाला लागलं की आत जाऊन फुलतं. फौजेच्या गोळीचं टोक झाकलेलं असतं. ती आरपार जाते.”

त्या टोकावरून मला नजर हलवता येईना. काडतुसाच्या बाकी सगळ्या भागांना यंत्रशास्त्राचं कारण आहे. कडा कशाला, मान निमुळती का, पितळच का, हे कुणीही कारागीर सांगेल. टोकाचं शिसं उघडं ठेवायचं की झाकायचं, हे मात्र समोर कोण उभं आहे यावर ठरतं. सव्वाशे वर्षांत या एवढ्याशा जागेवरून राज्यं भांडली आहेत, शल्यविशारदांनी प्रयोग केले आहेत, आंतरराष्ट्रीय परिषदेत मतदान झालं आहे. आणि त्या भांडणाचा एक धागा थेट आपल्या मावळातल्या कपाटापर्यंत येऊन पोचला आहे. म्हणून ही कुळकथा.

सुरुवात शब्दांपासून करू. संस्कृतात ‘मृग’ म्हणजे आधी कुठलंही रानजनावर; म्हणून तर सिंह मृगराज. पुढे तो शब्द हरणापुरता उरला, आणि शिकारीचं नाव ‘मृगया’ त्याच मुळावरून पडलं. शिकारीनं आपलं नाव जनावराकडून घेतलं, तसं बंदुकीनं गोळीकडून. अरबीत ‘बुंदुक’ म्हणजे एक प्रकारचं कवचीचं फळ, साधारण हरभऱ्याहून मोठं, गोल. त्या फळासारखे मातीचे गोळे धनुष्यातून मारत, तेव्हा त्या गोळ्यांनाही तेच नाव मिळालं. दारूनं गोळा फेकणारी नळी आली तेव्हा नाव नळीला चिकटलं. गलोलीतून चिमणीवर नेम धरणारा मावळातला पोरगा जे करतो, तेच बंदुकीच्या नावात दडलेलं आहे. ‘काडतूस’ समुद्रावरून आलं, पोर्तुगीजांच्या ‘कार्तुशू’वरून, पिस्तुलाच्या सोबतीनं. आणि आपली ‘गोळी’ म्हणजे लहान गोळा. आता ती गोल राहिलेली नाही, तरी नाव गोलच आहे.

ती खरोखर गोल होती तेव्हा प्रत्येक शिकारी आपली गोळी आपणच भरत असे. ठासणीच्या बंदुकीला कारखान्याचं काडतूस नसतंच. मापानं दारू ओतायची, काथ्याचा किंवा चिंध्यांचा बोळा गजानं ठासायचा, त्यावर शिशाची गोळी किंवा छर्रे, परत बोळा, परत गज. मग कानावर रंजक, आणि पुढच्या काळात रंजकीच्या जागी केप. दारू किती आणि शिसं किती, हा हिशेब ज्याच्या त्याच्या हाताचा. भेकरासाठी वेगळा, सांबरासाठी वेगळा. अमेरिकेत आणि युरोपात आज हजारो शिकारी घरच्या बाकावर रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरतात, दारू तराजूत तोलतात, गोळीची जात निवडतात, आणि तो त्यांचा आवडीचा उद्योग आहे. आपल्याकडे कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या ठासणीवाल्यानं ते पिढ्यान् पिढ्या केलं. त्यात आवडीचा प्रश्न नव्हता, दुसरा मार्गच नव्हता.

त्या काळची वजनं अजून बंदुकीच्या नावात जिवंत आहेत. बारा बोर म्हणजे काय? एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या ओतल्या, तर त्यातली एक गोळी ज्या नळीत चपखल बसेल ती नळी बारा बोरची. अशी गोळी सुमारे ३८ ग्रॅमची आणि साडेअठरा मिलिमीटर जाडीची होते. सोळा बोर म्हणजे पौंडाच्या सोळा गोळ्या. म्हणून आकडा वाढतो तशी नळी बारीक होते. गोळीचं वजन आजही ग्रेनमध्ये सांगतात. ग्रेन म्हणजे धान्याचा दाणा, आपल्या सोनाराची गुंज असते तसाच. ७,००० ग्रेनचा पौंड होतो. आपला तोळा ब्रिटिशांनी रुपयाच्या वजनाशी बांधला तेव्हा तो १८० ग्रेनचा ठरला. अमेरिकेत मोठ्या हरणासाठी तीस-शून्य-सहाच्या काडतुसात १८० ग्रेनची गोळी भरण्याचा जुना रिवाज आहे. ती गोळी बरोबर एक तोळ्याची. काकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी आपल्या हातातली गोळी पुन्हा एकदा तोलून पाहिली. त्यांची २४४ ग्रेनची. म्हणजे सव्वा तोळ्याहून जास्त.

शुद्ध शिशाच्या गोल गोळीला उघडं-झाकलेलं हा प्रश्न पडत नव्हता. ती सगळीच उघडी. शिसं जड आणि मऊ. अंगात शिरलं की आपसूक चपटं होई, रुंद जखम करी. उणीव होती ती नेमाची आणि पल्ल्याची. नळीत पिळाचे आटे पाडून गोळीला गरगर फिरवलं की ती सरळ जाते, हे ठाऊक होतं. पण आट्यांत घट्ट बसणारी गोळी वरून ठासायची कशी? १८४९ मध्ये फ्रान्सच्या क्लोद-एतिएन मिनिए यांनी टोकदार, बुडाला पोकळ अशी गोळी काढली. ती सैल आत जाई आणि दारूच्या दाबानं बुडाशी फुगून आट्यांत रुतत असे. त्याच जातीच्या एनफिल्ड रायफलीची काडतुसं हिंदुस्थानात आली, कागदात गुंडाळलेली आणि चरबी लावलेली. ती दातानं फोडायची होती. त्या चरबीत गाय आणि डुक्कर आहे ही बोलवा जानेवारी १८५७ मध्ये कलकत्त्याजवळच्या एका लष्करी ठाण्यातून पसरली. त्या ठाण्याचं नाव दमदम. हे नाव लक्षात ठेवावं. चाळीस वर्षांनी ते परत येतं, आणि तेव्हाही काडतुसावरूनच.

मधल्या काळात दोन गोष्टी बदलल्या. १८८४ मध्ये पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनतज्ज्ञानं बिनधुराची दारू तयार केली. ती काळ्या दारूहून कितीतरी ताकदवान. गोळीचा वेग सेकंदाला चारशे मीटरवरून सहाशेच्या घरात गेला. आता नुसतं शिसं टिकेना. आट्यांत ते सोलून निघे आणि नळी भरून जाई. त्यावर उपाय स्वित्झर्लंडच्या एदुआर्द रुबिन यांनी आधीच शोधून ठेवला होता, शिशाला तांब्याचं कवच घालण्याचा. बारीक, लांब, कवचबंद गोळी सगळ्या फौजांनी उचलली. ब्रिटिशांची थ्री नॉट थ्री त्यातलीच, २१५ ग्रेनची, बोथट टोकाची, नखशिखांत झाकलेली.

कवच घातल्यानं नळीचा प्रश्न सुटला आणि जखमेचा उभा राहिला. झाकलेली गोळी फुलत नाही. मांसातून ती सुईसारखी जाते आणि मागून बाहेर पडते; उरलेला जोर पलीकडच्या मातीत वाया जातो. १८९५ मध्ये वायव्य सरहद्दीवरच्या चित्रालच्या मोहिमेत इंग्रज अधिकाऱ्यांनी तक्रार केली, की गोळी लागूनही समोरचा माणूस थांबत नाही. तक्रार दमदमच्या कारखान्यात पोचली. तिथले अधीक्षक कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले यांनी केलेला बदल फार लहान होता. त्यांनी कवच टोकाच्या अलीकडेच संपवलं आणि मिलिमीटरभर शिसं उघडं ठेवलं. बस्स, एवढंच. १८९७-९८ मध्ये त्याच सरहद्दीवर तिराहच्या डोंगरात आफ्रिदी टोळ्यांवर ही गोळी चालली. जगानं तिला दमदम हे नाव दिलं, आणि फुलणारी कुठलीही गोळी मग त्याच नावानं ओळखली जाऊ लागली.

हे टोक बर्टी-क्ले यांच्याही आधी शिकाऱ्यांच्या ओळखीचं होतं. युरोपातले शिकारी नव्या वेगवान रायफलींनी हरणं मारू लागले तेव्हा त्यांना तोच अनुभव आला होता. झाकलेली गोळी खांद्यामागून शिरते, बारीक भोक पाडून निघून जाते, आणि हरीण उभंच राहतं, मग धावतं. फुप्फुसात रक्त साठत साठत ते कोस दोन कोस जातं. कुठल्यातरी नाल्यात, झुडपांच्या जाळीत, तासांनी किंवा दिवसांनी मरतं. माग काढणाऱ्याला रक्ताचे थेंबही सापडत नाहीत, कारण भोक इतकं लहान असतं की कातडी वरून मिटून जाते. म्हणून शिकाऱ्यांनी टोकाचं शिसं उघडं ठेवलं. गोळी शिरली की ओल्या मांसाचा दाब त्या मऊ टोकावर येतो, शिसं मागे ढकललं जातं, कवचाचे ओठ उलटतात आणि गोळी अळंबीसारखी फुलते, दीडपट, कधी दुप्पट रुंद. सगळा जोर जनावराच्या आतच खर्च होतो. नेम बरोबर असेल तर हरीण काही पावलांत कोसळतं.

शिकाऱ्याच्या शास्त्रात याला दया म्हणतात. मी शिकारी नाही, होणारही नाही. पण हे म्हणणं मी खोटं मानत नाही. मारायचंच असेल तर लवकर मरू द्यावं, जखमी जनावर जंगलात सोडून घरी येऊ नये, हा जुन्या शिकाऱ्यांचा कडक नियम होता. ज्यानं तो मोडला त्याला पुढच्या हाक्याला कुणी बोलावत नसे. गोळीची जात निवडणं हा त्या नियमाचाच भाग होता.

मग तीच गोळी माणसासाठी क्रूर कशी ठरली? ट्युबिंगेनचे जर्मन शल्यविशारद पाउल फॉन ब्रुन्स यांनी १८९८ मध्ये शिशाच्या टोकाच्या गोळ्यांचे प्रयोग प्रसिद्ध केले. हाडांच्या चिंधड्या आणि मांसाची भगदाडं पाहून युरोप हादरला. ब्रिटिशांनी ओरड केली, की ब्रुन्स यांनी वापरल्या त्या दमदमच्या गोळ्याच नव्हेत, त्या जर्मन शिकारी गोळ्या आहेत आणि त्यांचं शिसं कितीतरी जास्त उघडं आहे. ते म्हणणं खरंच होतं. हरणासाठी केलेल्या गोळीची साक्ष काढून माणसावरच्या गोळीचा खटला चालला, आणि तसा चालायलाच हवा होता. कारण शिसं जास्त उघडं काय, कमी उघडं काय, जात एकच.

१८९९ मध्ये हेगच्या शांतता परिषदेत हा प्रश्न आला. ब्रिटनचे प्रतिनिधी सर जॉन आर्डा यांनी बाजू मांडली. सुधारलेल्या देशाचा सैनिक लहान गोळी लागली तरी जखमी झाल्याचं मानून मागे जातो. रानटी माणूस तसा थांबत नाही, अंगात गोळ्या घेऊन पुढे येतो. म्हणून त्याच्यासाठी ही गोळी हवी, असा त्यांच्या बोलण्याचा मथितार्थ. त्या युक्तिवादाचा अर्थ लावायला फार विद्वत्ता लागत नाही. सरहद्दीवरचा आफ्रिदी, सुदानमधला दर्विश हे त्या हिशेबात सैनिकांच्या रकान्यात नव्हतेच. ते शिकारीच्या रकान्यात होते. परिषदेला हे पटलं नाही. २९ जुलै १८९९ च्या जाहीरनाम्यानं माणसाच्या शरीरात सहज फुलणाऱ्या, चपट्या होणाऱ्या, टोक पूर्ण न झाकलेल्या गोळ्यांचा युद्धात वापर करायला मनाई केली. ब्रिटननं तो तेव्हा मानला नाही. मानला तो १९०७ मध्ये.

तेव्हापासून जगाच्या कायद्यात या टोकाची वाटणी झाली आहे. झाकलेली गोळी सैनिकासाठी, उघडी जनावरासाठी. एकच मऊ शिसं, एका रकान्यात क्रौर्य आणि दुसऱ्यात दया. दोन्हीकडे प्रश्न वेदनेचाच आहे. सैनिकाला मारून टाकणं हा युद्धाचा हेतू नसतो, त्याला लढाईतून बाहेर काढणं हा असतो. तो वाचू शकत असेल तर त्याला वाचू द्यावं. हरणाच्या बाबतीत वाचवण्याचा प्रश्नच शिकाऱ्यानं पुसून टाकलेला असतो, म्हणून त्याला जलद मरण हवं. टोकाचं शिसं झाकायचं की नाही याचा निर्णय होतो तेव्हा ‘हा जगला तर चालेल का?’ या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन झालेलं असतं.

आता काकांच्या तीनशे पंधराकडे येऊ. तिचा जन्म भीतीतून झाला आहे. १८७८ मध्ये लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत शस्त्र कायदा आला. हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगता येईना. युरोपियन मात्र त्या बंधनातून मोकळे. पुढच्याच वर्षी वासुदेव बळवंत फडक्यांनी याच पुणे जिल्ह्यात रामोशी आणि कोळी साथीदारांसह बंड केलं. तलवारी, भाले आणि मोजक्या बंदुका एवढंच त्यांच्या हाती होतं. सरकारच्या मनात एक धास्ती कायम होती. फौजेच्या कोठारातून काडतुसं चोरली गेली, तर ती लोकांच्या हातातल्या रायफलींत बसता कामा नयेत. म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फौजेची मापं, थ्री नॉट थ्री आणि पॉइंट साडेचारशेची मोठी नळी, खासगी वापरासाठी बंद झाली. ‘प्रतिबंधित बोर’ हा शब्द परवान्यांच्या भाषेत आजही आहे. त्याचं मूळ या धास्तीत आहे.

मग शिकारी संस्थानिकांनी, चहामळेवाल्यांनी, वनअधिकाऱ्यांनी कोणती रायफल वापरायची? बंदुका बनवणाऱ्या कंपन्यांनी हिंदुस्थानात कुठल्याच फौजेकडे नसलेली मापं शोधली. त्यातलं एक ऑस्ट्रियाचं. फर्डिनांड मॅनलिखर यांच्या १८८८ च्या रायफलीचं आठ मिलिमीटरचं काडतूस, बुडाला कडा असलेलं, २४४ ग्रेनच्या बोथट गोळीचं. इंग्लंडच्या बीएसए कंपनीनं ली-एनफिल्डच्या धाटणीची रायफल या मापात बनवली आणि हिंदुस्थानात विकली. आठ मिलिमीटर म्हणजे इंचाच्या हजारातले तीनशे पंधरा भाग. व्हिएन्नाचं लष्करी काडतूस असं आपल्याकडे येऊन शिकारी काडतूस झालं. येताना त्याच्या टोकाचं कवच तेवढं कापलं गेलं.

स्वातंत्र्यानंतर ही रायफल बंगालमध्ये ईशापूरच्या कारखान्यात बनू लागली आणि काडतुसं खडकीत. खडकीची अॅम्युनिशन फॅक्टरी १८६९ ची. तिच्या बाजूनं जाणारा लोहमार्ग त्याहून जुना; पुणे-खंडाळा गाडी १८५८ मध्ये सुरू झाली. मावळातली किती घरं या कारखान्यावर, देहूरोडच्या आयुध डेपोवर आणि कारखान्यावर उभी राहिली, हे सकाळच्या लोकलमध्ये डबे हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसांकडे पाहिलं की कळतं. २०२१ मध्ये सरकारी आयुध कारखान्यांच्या कंपन्या झाल्या. खडकी म्युनिशन्स इंडियाकडे गेली. पण काडतुसाच्या बुडावरच्या ‘के एफ’ला परवानाधारक आजही त्याच विश्वासानं ओळखतो. ती अक्षरं म्हणजे शेजारच्या गावच्या माणसाच्या हाताची सही आहे.

परदेशातल्या हरणशिकाऱ्यांनी या टोकाचं पुढे फार बारकाईनं शास्त्र केलं. त्यांची अडचण अशी, की फार लवकर फुलणारी गोळी खोल जात नाही आणि खोल जाणारी पुरेशी फुलत नाही. आपल्या जनावरांवरून सांगायचं तर चितळासारख्या सत्तर-ऐंशी किलोच्या हरणाला झटकन फुलणारी मऊ गोळी पुरते. तीच गोळी दोन-अडीचशे किलोच्या सांबराच्या खांद्याच्या हाडावर आदळली तर तिथेच फुटून जाईल, सांबर लंगडत जंगलात शिरेल आणि कुजून मरेल. १९४६ मध्ये कॅनडात जॉन नॉस्लर या अमेरिकन शिकाऱ्याला मूस या महाकाय हरणाबाबत हाच अनुभव आला. त्यानं गोळीच्या मधोमध तांब्याची आडवी भिंत ठेवली. भिंतीपुढचं शिसं फुलतं, मागचं अखंड राहून खोल जातं. पुढे कवच आणि शिसं एकमेकांना जोडणाऱ्या गोळ्या आल्या, आणि मग शिसं पूर्ण वगळून नुसत्या तांब्याच्या पोकळ टोकाच्या. तांब्याकडे वळण्याचं एक कारण गिधाडं. मेलेल्या जनावराच्या आतड्यांत शिशाचे कण उरतात आणि ती खाणारी गिधाडं विषबाधेनं मरतात. कॅलिफोर्नियात काँडर गिधाडं अशी मरू लागली, म्हणून २०१९ पासून तिथे शिकारीसाठी शिशाच्या गोळीला पूर्ण बंदी आहे. बाकावर बसून पुंगळ्या भरणाऱ्या माणसाला आता हरणासोबत त्या गिधाडाचाही विचार करावा लागतो. शिशाच्या टोकाभोवतीचं वर्तुळ असं रुंदावत गेलेलं आहे, आणि ते रुंदावलं याचा मला आनंद आहे.

आपल्याकडे ते वर्तुळ वेगळ्या वाटेनं पूर्ण झालं. इथे गोळीशिवायच्या शिकारीही होत्या. फासेपारध्यांचे फासे, वाघरी लावून केलेले हाके, कोल्हापूरच्या दरबारात पाळलेल्या चित्त्यांकडून धरलेली काळविटं. पण जनावरं संपत आली ती रायफल आणि जीप एकत्र आल्यावर. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला लगाम घातला. सुरुवातीला काही जनावरांसाठी परवाने मिळत. १९९१ च्या दुरुस्तीनं तेही गेले. व्यंकटेश माडगूळकरांसारखा लेखक शिकारी म्हणून रानात शिरला आणि बंदूक खाली ठेवून पाहणारा होऊन बाहेर आला. माझ्या मते ते एका पिढीचं स्थित्यंतर होतं. आज पिकांची नासधूस करणाऱ्या रानडुकरासाठीसुद्धा वनखात्याची परवानगी लागते. कोकणात शेतीसंरक्षणाच्या बंदुका निवडणूक आली की पोलिसांत जमा होतात आणि निकालानंतर घरी परत येतात.

हरणाची शिकार गेली. हरणासाठी केलेली गोळी मात्र राहिली. तिचं टोक अजून तसंच, उघडं. परवानाधारकांच्या कपाटांत ती स्वसंरक्षणासाठी असते. आणि उत्तर हिंदुस्थानात लोहाराच्या भट्टीतून निघालेल्या देशी कट्ट्यांचं सर्वांत आवडतं माप हेच, तीनशे पंधरा. तिथल्या न्यायवैद्यक प्रयोगशाळांच्या टेबलांवर हे काडतूस रोजचं. ज्या टोकाला हेगमध्ये राष्ट्रांनी सैनिकाच्या शरीरापासून दूर ठेवलं, जे आपल्या कायद्यानं हरणाच्या शरीरापासून दूर ठेवलं, ते आता जमिनीच्या वादात, लग्नाच्या वरातीत, निवडणुकीच्या रात्री माणसाच्या शरीरात शिरतं. त्या माणसाला सैनिकाची सवलत नाही आणि हरणाचं संरक्षणही नाही. या कुळकथेतला हा भाग मला लिहितानाही सोसत नाही. पण तो गाळला तर वंशावळ खोटी ठरेल.

काकांच्या अंगणातून घोरावडेश्वराचा डोंगर दिसतो. त्याच्या कड्यात प्राचीन बौद्ध लेणी आहेत, मुख्य लेण्यात आता महादेव आहे, आणि देहूचे तुकोबा भंडाऱ्यावर, भामचंद्रावर बसत तसे या डोंगरावरही येऊन बसत, असं परंपरा सांगते. भिक्षू, महादेव आणि तुकोबा एका डोंगरात नांदले. खाली रूळ, त्यापलीकडे देहूरोडच्या डेपोचं कुंपण. डोंगर आणि डेपो इतके जवळ आहेत की एकाकडे पाहताना दुसरा डोळ्यांत येतोच.

काकांनी काडतुसं परत घेतली. परवान्याच्या वहीत नोंद दाखवली: किती घेतली, किती शिल्लक. तीनशे पंधराचे दोन्ही आकडे सारखे होते. “वडिलांनी डुकरांवर उडवली असतील,” ते म्हणाले. “मी नाही. पण दरवर्षी काढून पुसतो. ओल धरली तर पितळ हिरवं पडतं.” त्यांनी एकेक काडतूस फडक्यानं पुसलं, टोकाच्या शिशाला बोट लागणार नाही अशा बेतानं पत्र्याच्या डब्यात उभं केलं आणि कपाटाला कुलूप लावलं.

परतीच्या लोकलमध्ये खडकी आली तेव्हा पाळी सुटली होती. माणसं चढली, बसायला जागा शोधू लागली. त्यांच्यापैकी कुणीतरी कधीतरी ते काडतूस तपासून पुढे सरकवलं असेल, चोख, एक केसभर फरक न ठेवता. त्या कामाबद्दल माझ्या मनात आदर आहे. आणि इच्छा एवढीच, की काकांच्या वहीतले ते दोन आकडे त्यांच्या नातवाच्या काळातही सारखेच राहावेत, आणि डब्यातलं पितळ, कितीही पुसलं तरी, अखेर जागच्या जागीच हिरवं पडावं.